सिडनीचा ग्लेड्सव्हिल पूल : 305 मीटरची काँक्रीटची कमान उभी कशी राहिली?

परामाटाकाठ (धागालेखक)

सिडनीच्या पश्चिमेला परामाटा, वेस्टमीड, राइड या भागांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. व्हिक्टोरिया रोडने शहराकडे जाताना या सर्वांना परामाटा नदी ओलांडावी लागते आणि ती ओलांडली जाते ग्लेड्सव्हिल पुलावरून. या पुलाविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पुलावरून गाडी जाते तेव्हा एक लांब चढ आणि पुढे तसाच उतार एवढेच जाणवते, कारण रस्ता कमानीच्या माथ्यावरून गेला आहे आणि कमान प्रवाशाच्या पायांखाली राहते. ती पाहायची असेल तर परामाटा ते सर्क्युलर की (शहराच्या मध्यावरचा धक्का) या फेरीबोटीने जावे. ड्रमॉइन आणि हंटलीज पॉइंट या दोन काठांना जोडणारी, मध्ये पाण्यात एकही खांब नसलेली ती कमान तेथून संपूर्ण दिसते.

हा पूल 2 ऑक्टोबर 1964 रोजी केंटच्या डचेस प्रिन्सेस मरीना यांच्या हस्ते खुला झाला. कमानीचा गाळा, म्हणजे तिच्या दोन पायांमधले अंतर, 1000 फूट (सुमारे 305 मीटर). काँक्रीटच्या कमानीने हजार फुटांचा पल्ला गाठण्याची जगातील ती पहिलीच वेळ होती आणि 1980 पर्यंत हा विक्रम या पुलाकडे राहिला. पूल बांधण्याची गरज मात्र अगदी साध्या कारणाने निर्माण झाली होती. याच भागात 1881 साली बांधलेला एक लोखंडी पूल होता. त्यावर वाहनांसाठी दोनच पदर होते, काही काळ त्यावरून ट्रामही धावत असे, आणि त्याचा एक भाग फिरता होता. नदीच्या वरच्या अंगाला मॉर्टलेक येथे गॅसचा कारखाना होता. त्याला कोळसा पुरवणारी जहाजे आली की तो फिरता भाग बाजूला वळवावा लागे आणि तोवर दोन्ही काठांवरची रहदारी थांबून राही. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, तेव्हा ही व्यवस्था पुरी पडणे शक्यच नव्हते.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या मुख्य रस्ते विभागाने नव्या पुलासाठी पोलादी सांगाड्याचा आराखडा तयार करून 1957 मध्ये निविदा मागवल्या. त्या वेळी सिडनीतील स्टुअर्ट ब्रदर्स आणि इंग्लंडमधील रीड अँड मॅलिक या कंत्राटदारांनी मिळून एक वेगळाच पर्याय विभागापुढे ठेवला, तो काँक्रीटच्या कमानीचा. त्याचा आराखडा लंडनच्या जी. मॉन्सेल अँड पार्टनर्स या सल्लागार संस्थेने केला होता. संस्थेचे प्रमुख गाय मॉन्सेल यांनी दुसऱ्या महायुद्धात टेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात उभे केलेले किल्ले प्रसिद्ध आहेत. मूळ प्रस्तावात कमानीचा गाळा 910 फुटांचा होता, तो विभागाच्या आग्रहावरून 1000 फूट करण्यात आला. इतक्या मोठ्या काँक्रीटच्या कमानीचा अनुभव तेव्हा जगात कोणाजवळच नव्हता. म्हणून हा आराखडा फ्रान्सचे यूजीन फ्रेसिने यांच्याकडून तपासून घेण्यात आला. काँक्रीटच्या कमानी आणि पूर्वताणित काँक्रीट (आतल्या पोलादी तारा ताणून ज्याला आधीच दाब दिलेला असतो ते) या दोन्ही विषयांत त्या काळी त्यांच्याएवढा अधिकारी माणूस दुसरा नव्हता.

या पुलाविषयी बोलताना 305 मीटर हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती उभारणीची रीत. कमान पूर्ण जुळेपर्यंत ती कमान नसते, ते नुसते ओझे असते, आणि ते ओझे तोपर्यंत कोणी तरी पेलून धरावे लागते. ते कोणी पेलले आणि नंतर अलगद कसे सोडून दिले, हा या पुलाचा गाभा आहे असे माझे मत आहे. या विषयातल्या जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

रेघोटी

धागा फार चांगला आहे. मी अभियंता नाही, त्यामुळे दोन प्राथमिक शंका विचारते. काँक्रीट दाब सहन करते पण ताण सहन करू शकत नाही, आणि कमानीत सगळीकडे दाबच असतो, म्हणून काँक्रीटला कमान मानवते, एवढे मला ठाऊक आहे. परंतु मग ही कमान भरीव न करता पोकळ का केली असावी? आणि एवढ्या मोठ्या कमानीचा रेटा दोन्ही काठांवर नेमका किती येत असेल?

सेतुबंध

मी पुण्यात पुलांच्या आराखड्यांचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून रेघोटी यांच्या दोन्ही शंकांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आधी रेट्याचे पाहू. कमानीवरचे वजन गाळ्यावर सारखे पसरले आहे असे ढोबळ मानले, तर आडव्या रेट्याचे सूत्र सोपे आहे : दर मीटरचे वजन गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठपट. येथे गाळा 305 मीटर आहे आणि पायांपासून माथ्यापर्यंतची उंची ढोबळमानाने 40 मीटर धरू. गणित केल्यावर आडवा रेटा कमानीवरच्या एकूण वजनाच्या सुमारे 95 टक्के येतो. उभे वजन दोन पायांत निम्मे निम्मे वाटले जाते. म्हणजे प्रत्येक काठावर जेवढे वजन खाली दाबते, त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर काठाला बाहेर ढकलत असतो. पुलावर एकही गाडी नसली तरी हा रेटा रात्रंदिवस चालू असतो. अशा पुलाला खालचा खडक पक्का असावाच लागतो. गाळाच्या किंवा मऊ मातीच्या काठावर ही कमान हळूहळू पसरत गेली असती आणि माथा खचला असता. सिडनीच्या परिसरात वालुकाश्माचा खडक आहे आणि या नदीच्या दोन्ही तीरांवर तो हाताशी मिळतो, त्याच खडकात कमानीचे पाय रोवले आहेत. गाळा 910 वरून 1000 फुटांवर नेल्याने पाय पाण्यातून बाहेर काठावर सरकले, हा त्या बदलाचा मोठा लाभ होता.

आता पोकळपणाविषयी. कमानीची रेषा वजनाच्या वाटणीशी तंतोतंत जुळवली तर छेदात (कमान आडवी कापली तर दिसणाऱ्या भागात) केवळ दाब राहतो. प्रत्यक्षात मात्र वाहने एका बाजूला अधिक असतात, तापमान बदलते, वारा येतो, काँक्रीट वर्षानुवर्षे आकसत राहते. या सर्वांमुळे दाबाची रेषा छेदाच्या मध्यापासून थोडी वर-खाली सरकते आणि कमान वाकू पाहते. वाकण्याला विरोध करण्यासाठी छेदाची उंची लागते, पण भरीव छेदाची उंची वाढवली की वजन वाढते, वजनाबरोबर रेटा वाढतो आणि तो पेलायला पुन्हा अधिक काँक्रीट लागते. या चक्रातून सुटण्याचा मार्ग म्हणजे पोकळ पेटी. साहित्य वरच्या आणि खालच्या पाटांत ठेवायचे, बाजूच्या भिंतींनी ते पाट जोडायचे आणि मधला भाग रिकामा सोडायचा. दाबाखाली बारीक सळई जशी बाजूला फाकते, तशी एवढी लांब कमानही फाकू शकते, आणि तो धोका टाळण्यासाठीही पेटीचाच छेद उपयोगी पडतो.

ग्लेड्सव्हिलमध्ये शेजारी शेजारी अशा पोकळ पेट्यांच्या चार बरगड्या, म्हणजे चार समांतर कमानी, आहेत. प्रत्येक बरगडी सुमारे 6 मीटर रुंद आहे आणि तिची उंची पायांपाशी अधिक असून माथ्याकडे कमी होत जाते. या कमानीत कोठेही बिजागरी नाही, ती दोन्ही पायांत घट्ट रोवलेली आहे. बिजागरी ठेवल्या असत्या तर गणित सोपे झाले असते, परंतु ताठरपणा कमी झाला असता.

परामाटाकाठ (धागालेखक)

सेतुबंध यांचे आभार. रेट्याचे हे गणित मराठीत इतक्या सरळ शब्दांत मांडता येते याचा आनंद झाला.

आता उभारणीकडे वळतो. नदीच्या तळापासून वर पोलादी नळ्यांच्या खांबांचे सेंटरिंग, म्हणजे कमान जुळेपर्यंत तिला खालून पेलणारा तात्पुरता सांगाडा, उभे केले गेले आणि त्यात जहाजांच्या वाटेसाठी मोठा मोकळा गाळा ठेवला, कारण नदी बंद करून चालणार नव्हते. चारही बरगड्या एकदम पेलणारे सेंटरिंग करायचे झाले असते, तर त्यालाच पुलाएवढा खर्च आला असता. म्हणून ते फक्त एका बरगडीच्या रुंदीचे केले. बरगडी पूर्ण झाली की तेच सेंटरिंग बाजूला सरकवायचे आणि त्यावर पुढची बरगडी रचायची, अशा क्रमाने चारही बरगड्या झाल्या.

काँक्रीटच्या पेट्या जागेवर ओतलेल्या नाहीत. त्या नदीच्या खालच्या अंगाला वूलिच येथे ओतून, पक्क्या करून बार्जवरून पुलापाशी आणल्या जात. एका बरगडीत अशा 108 पेट्या आहेत आणि एका पेटीचे वजन सुमारे 50 टनांच्या घरात होते. पेटी बार्जवरून उचलून थेट सेंटरिंगच्या माथ्यावर नेली जाई आणि तेथून उतारावरून हळूहळू खाली, आपल्या ठरलेल्या जागी सोडली जाई. कमानीचा आकार स्वतःच घसरगाडीची वाट झाला होता. दोन पेट्यांमध्ये सुमारे 75 मिलिमीटरची फट ठेवलेली असे आणि सर्व पेट्या जागेवर आल्यावर त्या फटींत काँक्रीट भरले जाई. ठरावीक अंतरावर पेट्यांच्या मध्ये भरीव आडव्या भिंती आहेत. त्यांच्यावर वरच्या रस्त्याचे खांब उभे आहेत आणि त्यांच्यातूनच चारही बरगड्या आडव्या ताणलेल्या तारांनी एकमेकींशी बांधल्या आहेत.

आता खरा पेच. बरगडी जुळली, फटींतले काँक्रीट पक्के झाले, तरी तिचे सगळे वजन अजून सेंटरिंगवरच आहे. सेंटरिंग खालून काढून घ्यायचे तर ते कोठे आधी सैल करायचे आणि किती? एका बाजूने चूक झाली तर बरगडीत नको तेथे ताण येणार. येथे फ्रेसिने यांचे चपटे जॅक कामास आले. पातळ पोलादी पत्र्याच्या दोन चकत्या कडेने जोडून केलेली ही बंद डबी असते; तिच्यात दाबाने तेल सोडले की ती फुगते आणि दोन बाजूंच्या काँक्रीटला विलक्षण जोराने दूर ढकलते. प्रत्येक बरगडीत दोन ठिकाणी अशा जॅकचे चार थर बसवले होते आणि एका थरात 56 जॅक होते. एकेक थर क्रमाने फुगवत गेले, तशी बरगडी लांबीने किंचित वाढली. लांबी वाढली आणि दोन्ही पाय खडकात पक्के आहेत, तर कमानीला जायला एकच दिशा उरते, वर. अशा रीतीने बरगडी सेंटरिंगवरून आपोआप उचलली गेली आणि स्वतःचे वजन स्वतः पेलू लागली. त्यानंतर जॅकमधले तेल काढून त्या जागी सिमेंटचा घोळ भरला गेला, आणि तो घट्ट झाल्यावर जॅक कायमचे कमानीचा भाग बनले.

येथे सेंटरिंग कमानीखालून काढून घेतलेले नाही, कमान सेंटरिंगवरून उठली आहे. मला या पुलातले सर्वांत सुंदर काम हेच वाटते.

उत्तररंग

या चपट्या जॅकमागे एक जुनी कथा आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही असे मला वाटते.

फ्रेसिने तरुण असताना, 1910 च्या सुमारास, फ्रान्समध्ये आलिए नदीवर ले व्हेर्द्र येथे त्यांनी तीन गाळ्यांचा काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला. प्रत्येक गाळा 70 मीटरहून थोडा अधिक होता आणि कमानी अतिशय चपट्या होत्या. सेंटरिंग काढताना त्यांनी कमानीच्या माथ्याशी जॅक लावून दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलले होते. ग्लेड्सव्हिलमध्ये पुढे वापरलेल्या रीतीचे मूळ तेच. पूल वापरात आला. काही महिन्यांनी फ्रेसिने यांच्या लक्षात आले की कमानींचे माथे हळूहळू खाली बसत आहेत आणि बसण्याचा वेग वाढतो आहे. त्या काळच्या सरकारी नियमांनुसार काँक्रीटला ठरावीक दाब दिला की ते ठरावीक प्रमाणात आखडते आणि तेथेच थांबते असे मानले जाई. प्रत्यक्षात काँक्रीट थांबत नव्हते. तेच वजन वर राहिले तरी ते वर्षानुवर्षे सावकाश आखडत राहते. या गुणधर्माला अभियंते क्रीप म्हणतात. फ्रेसिने रात्रीच सायकलने पुलाकडे गेले, विश्वासातील काही कामगारांना उठवले, माथ्यावर मुद्दाम राखलेल्या जागेत पुन्हा जॅक लावले आणि कमानी वर उचलून पूल वाचवला.

याच अनुभवातून त्यांची पुढची सगळी दृष्टी घडली. काँक्रीट पुढे आखडणार हे ठाऊक असेल तर त्याची भरपाई आधीच करता येते, आणि त्यासाठी किती जोर लावायचा हे ठरवावे लागते, या विचारातून पुढे पूर्वताणित काँक्रीटही आले. ले व्हेर्द्रचा पूल दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. मात्र ब्रिटनी प्रांतातील प्लुगास्तेलचा त्यांचा 1930 सालचा पूल उभा आहे. त्यात प्रत्येकी 180 मीटरच्या वर असलेल्या तीन कमानी आहेत आणि त्या तिन्हींसाठी लाकडाचे एकच सेंटरिंग वापरले होते. एक कमान झाली की ते सेंटरिंग भरतीच्या पाण्यावर तरंगवत दुसऱ्या गाळ्याखाली नेले जाई. ग्लेड्सव्हिलचे सरकते पोलादी सेंटरिंग हा त्याच कल्पनेचा पुढचा टप्पा आहे. त्यामुळे या पुलाचा आराखडा तपासायला फ्रेसिने यांना बोलावणे केवळ औपचारिक नव्हते असे मी म्हणेन. या पुलाच्या दोन्ही मुख्य युक्त्या त्यांच्याच हातून आलेल्या होत्या. पूल पुरा होण्यापूर्वी, 1962 मध्ये, त्यांचे निधन झाले.

सेतुबंध

उत्तररंग यांच्या प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो. सेंटरिंगच्या बाबतीत जग किती धास्तावलेले होते हे समजायचे असेल तर स्वीडनमधील सांडो पुलाचा इतिहास पाहावा. उत्तर स्वीडनमध्ये ओंगरमान नदीवर 264 मीटर गाळ्याची काँक्रीटची कमान बांधण्याचे काम चालू होते. 31 ऑगस्ट 1939 रोजी काँक्रीट ओतत असताना लाकडी सेंटरिंग कोसळले आणि 18 कामगार मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि या अपघाताची बातमी महायुद्धाच्या बातम्यांत बुडून गेली. पूल पुन्हा नव्याने उभारून 1943 मध्ये पूर्ण झाला आणि पुढची वीस वर्षे तोच काँक्रीटच्या कमानींचा विक्रमवीर राहिला. 1963 मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो येथील अराबिदा पुलाने, 270 मीटरच्या गाळ्याने, त्याला मागे टाकले आणि लगेच पुढच्या वर्षी ग्लेड्सव्हिलने अराबिदाला.

अपघाताचा धडा असा की, मोठ्या कमानीत तयार पुलापेक्षा अर्धवट पूल अधिक धोक्यात असतो. पुलाची कमान दाबावर चालते, पण सेंटरिंगच्या प्रत्येक सांध्यावर त्या क्षणी कोणता जोर येतो हे ओतण्याच्या क्रमानुसार तासातासाला बदलते. ग्लेड्सव्हिलमध्ये ओले काँक्रीट उंचावर ओतणे टाळून, तयार पेट्या ठरलेल्या क्रमाने मांडल्या गेल्या. वजन कोणत्या दिवशी कोठे असेल हे त्यामुळे नेमके ठाऊक राहिले. ही सावधगिरी मला त्या हजार फुटांइतकीच मोलाची वाटते.

नदीपार

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक बाजू मांडली गेली नाही असे मला वाटते. मी हंटर्स हिलच्या बाजूला काही काळ राहिलो आहे. एवढा उंच, एवढा रुंद पूल केवळ जुन्या दोनपदरी पुलाच्या जागी बांधला गेला नव्हता. वायव्येकडे जाणारा एक मोठा द्रुतगती मार्ग शहराच्या आतील वस्त्यांतून काढण्याची योजना होती आणि ग्लेड्सव्हिल, टार्बन क्रीक व फिग ट्री हे तीन पूल त्या मार्गाचे तुकडे होते. हा मार्ग पुरा झाला असता तर ग्लीब, लाइकहार्ट यांसारख्या जुन्या वस्त्यांतून शेकडो घरे पाडावी लागली असती. रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला आणि 1977 मध्ये नेव्हिल रॅन यांच्या राज्य सरकारने शहराच्या आतील द्रुतगती मार्गांच्या योजना रद्द केल्या. अभियांत्रिकीचे कौतुक करताना, हा पूल एका अशा योजनेचा भाग होता जी शहराने नाकारली, हेही नोंदले जावे. मोटारींसाठी शहर कापत जायचे, या विचाराचे हे स्मारक आहे असे मला वाटते.

परामाटाकाठ (धागालेखक)

नदीपार यांनी मांडलेला इतिहास खरा आहे आणि तो येथे यायलाच हवा होता. द्रुतगती मार्गाला झालेला विरोध योग्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ग्लीबच्या जुन्या घरांच्या ओळी आज उभ्या आहेत त्या त्या विरोधामुळेच. परंतु पुलाला त्या विचाराचे स्मारक म्हणणे मला पटत नाही. 1881 चा पूल निकामी होत आला होता, जहाज आले की शहराचा एक भाग तुटत होता, आणि द्रुतगती मार्गाचा विचार झाला नसता तरी येथे उंच पूल बांधावाच लागला असता. मार्ग रद्द झाला तरी पूल ओस पडला नाही. सुरुवातीला त्यावर सहा पदर होते, पुढे त्यांचे सात करावे लागले. पश्चिमेकडून येणाऱ्या बसगाड्या आजही त्याच वाटेने जातात. योजना चुकीची होती म्हणून तिचा प्रत्येक तुकडा चुकीचा ठरत नाही.

आणखी एक बाब नोंदवतो. या पुलाच्या गणितासाठी संगणकाचा वापर झाला होता, आणि पुलाच्या आराखड्यात संगणक वापरल्याचे हे जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे. मॉन्सेल यांच्या संस्थेतील टोनी गी या तरुण अभियंत्याने त्यात पुढाकार घेतला होता. बिजागरी नसलेली कमान, चार बरगड्या, प्रत्येक टप्प्यावर बदलणारे वजन, जॅकने दिलेला जोर आणि पुढची अनेक वर्षे चालणारे आखडणे, हे सगळे एकत्र धरून हाताने गणित करायचे तर महिनेच्या महिने गेले असते. आणि एखादा आकडा बदलला की ते पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले असते.

रेघोटी

तांत्रिक बाजू आता मला बरीच उलगडली, सर्वांचे मनापासून आभार. सौंदर्याविषयी एक निरीक्षण मांडते. सिडनीचे नाव घेताच हार्बर ब्रिज डोळ्यांपुढे येतो. 1932 साली खुल्या झालेल्या त्या पोलादी कमानीचा गाळा 503 मीटर आहे, म्हणजे आकाराने ती बरीच मोठी आहे. परंतु तिच्या दोन्ही टोकांना जे दगडी मनोरे आहेत ते कमानीचे कोणतेही वजन पेलत नाहीत. ते पाहणाऱ्याच्या मनाला दिलासा म्हणून आहेत. ग्लेड्सव्हिलमध्ये असा एकही भाग मला सापडत नाही. कमान, तिच्यावरचे सडपातळ खांब, त्यांवरचे गर्डर आणि रस्ता, एवढेच. कमान पायांकडे जाड होत जाते, कारण जोर तेथे अधिक आहे. पाहणाऱ्याला गणित येत नसले तरी ते डोळ्यांना पटते. मला स्वतःला हा पूल हार्बर ब्रिजपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

उत्तररंग

रेघोटी यांच्याशी मी सहमत आहे, फक्त हार्बर ब्रिजच्या मनोऱ्यांवर थोडा अन्याय होतो आहे असे वाटते. त्यांचा दगड आणि ग्रॅनाइट त्या काळच्या लोकांना हवे होते आणि शहराने त्यांना आपले मानले आहे. ग्लेड्सव्हिलला ते प्रेम उशिरा मिळाले. न्यू साउथ वेल्सच्या वारसा नोंदवहीत त्याचा समावेश झाला आहे आणि 2015 मध्ये अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्थापत्य स्मारकाचा मान दिला. हा मान पूर्वी हार्बर ब्रिजलाही मिळालेला आहे, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन कमानी त्या यादीत आहेत.

सेतुबंध

शेवटी, यापुढे काय झाले याविषयी कोणी विचारण्यापूर्वीच लिहितो. ग्लेड्सव्हिलचा विक्रम 1980 मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील, आजच्या क्रोएशियातील, क्र्क बेटाच्या पुलाने मोडला. त्याचा गाळा 390 मीटर आहे. तेथे समुद्र होता, तळापासून सेंटरिंग उभे करणे व्यवहार्य नव्हते, म्हणून दोन्ही काठांकडून कमानीचे तुकडे एकामागून एक पुढे जोडत नेले आणि त्यांना मागून तारांनी ओढून धरले. दोन्ही अर्ध्या मध्यावर भेटल्या तेव्हाच ती कमान झाली. त्यानंतर चीनने ही विद्या फार पुढे नेली. 1997 चा वानशियान पूल 420 मीटरचा आहे, आणि 2024 मध्ये ग्वांगशी प्रांतात खुल्या झालेल्या थ्येन-अ लोंगथान पुलाचा गाळा 600 मीटर आहे. या पुलांत आधी पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा कमानीच्या आकारात उभा केला जातो, त्या नळ्यांत काँक्रीट भरतात आणि मग त्याच सांगाड्याभोवती टप्प्याटप्प्याने काँक्रीट ओतून पेटीचा छेद तयार करतात. ग्लेड्सव्हिलमध्ये बाहेर उभे असलेले आणि चार बरगड्यांसाठी सरकवत नेलेले सेंटरिंग येथे कमानीच्या आतच आहे आणि ते काढावे लागत नाही.

म्हणून धागालेखकांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, एका पुरवणीसह. तळापासून आधार देऊन एवढी मोठी काँक्रीटची कमान उभारण्याची रीत ग्लेड्सव्हिलमध्ये आपल्या टोकाला पोचली. तिच्या पुढे जाण्यासाठी तीच रीत मोठी करून भागले नसते, दुसरी शोधावी लागली. सोळा वर्षे विक्रम टिकला त्याचे कारणही मला हेच दिसते.

परामाटाकाठ (धागालेखक)

पुरवणी मान्य. क्र्कच्या पुलावर स्वतंत्र धागा काढण्याची सेतुबंध यांना विनंती आहे. दोन्ही अर्ध्या मध्यावर भेटताना तापमानामुळे होणारा फरक कसा सांभाळला गेला, हे तपशिलाने वाचायला आवडेल.